साडीगार्ड लावलेली राजदूत ३५०



जुन्या मोटारसायकलींना सध्या सोन्याचे दिवस आलेत. राजदूत ३५० किंवा आरएक्स १०० 'कंपनीतून निघाली तश्शी' करून घ्यायला लोक हौसेने पैसे मोजतात. हौसेला मोल नसतं, माझी तक्रार नाही. पण असं करताना गाडीवरून सगळ्यात आधी काय उतरतं? उंच केलेलं हँडल, जाड सीट, साडीगार्ड, मागचं कॅरिअर. हे सगळं भंगारात जातं. माझं म्हणणं असं की आपल्या सुरतकर मराठी घरांचा बराचसा इतिहास त्याच सामानात आहे. लेख जरा लांबला आहे, सवडीने वाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. धुळे, नंदुरबार, जळगावकडची आपली माणसं लूम आणि मिलच्या कामासाठी सुरतेला आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत वसली. पोट इथे, पण गाव काही सुटलं नाही. आखाजी, कानबाईचे रोट, भाऊबंदकीतलं लग्न, कोणाचं दहावं, जायचं म्हणजे जायचंच. ताप्ती लाईन कित्येक वर्षं एकेरी होती, गाड्या मोजक्या आणि खच्चून भरलेल्या. एसटीत उभं राहून जाणं तर ठरलेलंच. म्हणून ज्याच्याकडे मोटारसायकल आली तो सरळ हायवे धरायचा. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट, दहिवेल, साक्री आणि धुळे. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, तोही तेव्हाचा दुपदरी रस्ता, समोरून ट्रकची रांग.

आता त्या काळच्या गाड्या बघा. येझदी होती, बुलेट होती, साधी राजदूत होती. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने राजदूत ३५० बाजारात आणली, तेव्हा तरुण पोरं अक्षरशः वेडी झाली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर, ३०.५ हॉर्सपॉवर. येझदीच्या जवळजवळ दुप्पट ताकद! ऑइलसाठी वेगळी टाकी आणि पंप, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकटच नाही. जपानमध्ये ही गाडी त्याआधी दहा वर्षं, १९७३ साली निघालेली. तिकडे पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम आला. पुढे मायलेजची ओरड झाली तेव्हा ताकद कमी केलेलं 'लो टॉर्क' मॉडेल निघालं, साधारण २७ हॉर्सपॉवरचं. म्हणजे भारतीय घराच्या खिशासाठी गाडीत बदल करण्याची सुरुवात कंपनीनेच केली होती. तरी ऐंशीचं दशक संपता संपता गाडी बंद पडली. लोकांनी 'राक्षस' म्हणून तिची आठवण ठेवली आणि सेकंडहँड गाड्या हातोहात फिरत राहिल्या.

सेकंडहँड घेणारा मात्र बहुतेक वेळा दुसराच माणूस असायचा. पहिला मालक बिनलग्नाचा, दुसरा संसारी. आमच्या ओळखीतले एक लूम-मास्तर होते, त्यांनी अशी गाडी घेतली. पहिल्याच फेरीनंतर त्यांच्या वडिलांनी निकाल दिला, "भाऊ, घोडा चांगला शे, पन बठाले जागा नही!"

इंग्लंडमध्ये १९५०-६० च्या दशकांत पोरं गाड्यांची हँडलं खाली करायची, सीट एकट्यापुरती ठेवायची आणि एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत शर्यत लावायची. त्यावरून 'कॅफे रेसर' हा शब्द आला. आपल्याकडेही कॉलेजातल्या पोरांनी तेच केलं, आखूड हँडल लावलं, साडीगार्ड पहिल्या आठवड्यात काढून टाकलं. संसारी माणसाने गाडी विकत घेतली की उलटा प्रवास सुरू व्हायचा, हँडल वर आणि सीट लांब.

यात नुसती आवडनिवड नव्हती, शास्त्र होतं. माणूस गाडीवर तीन ठिकाणी टेकतो. हात हँडलवर, बैठक सीटवर, पाय फुटरेस्टवर. हँडल खाली आणि पाय मागे असले की शरीर पुढे वाकतं. ताशी शंभरच्या वेगाला समोरचा वारा छातीला आधार देतो, म्हणून तेव्हा ते बरं वाटतं. रिंगरोडच्या गर्दीत तीस-चाळीसने जाताना वारा नसतो. मग सगळं वजन मनगटावर येतं, मान वर धरावी लागते आणि कंबर बोलायला लागते. हँडल दोन-तीन इंच वर आणि थोडं मागे आणलं की पाठ सरळ होते. मात्र मिस्त्री जाणता हवा. हँडल वर गेलं की क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल लांब लागते. जुन्या केबलवर भागवलं तर हँडल पूर्ण वळवताना केबल ताणली जाते आणि इंजिन आपोआप रेस होतं. चांगला मिस्त्री गाडी चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवून दाखवायचा, मगच पैसे घ्यायचा.

सीटचंही तसंच. लोकांना वाटतं मऊ सीट म्हणजे आराम. मऊ फोम दाबून बघताना छान लागतो, पण नवापूर येईपर्यंत बसतो आणि खालचा पत्रा टोचायला लागतो. जाणकार सीटवाला खाली घट्ट थर घालायचा, वर मऊ थर, आणि सीटचा उतार काढायचा, म्हणजे ब्रेक मारला की मागचा माणूस पुढच्याच्या अंगावर घसरत नाही. मागचे शॉकअप दोघांच्या वजनाला एक-दोन खाचा कडक करायचे, एकट्याने जाताना परत सैल. टायरमध्ये हवा किती हे तर सगळ्यात स्वस्त औषध!

आणि आता मुख्य गोष्ट, मागे बसणारी बाई. नऊवारी असो की पाचवारी, ती डाव्या बाजूला दोन्ही पाय सोडून बसणार. राजदूत ३५० ला दोन सायलेन्सर, दोन बाजूंना एकेक. चेनही डावीकडेच. म्हणजे गरम नळी आणि फिरती चेन दोन्ही तिच्या पायाशी. पाय टेकायला रुंद पट्टी, धरायला मजबूत कडी आणि चाकावर साडीगार्ड नसेल तर ही गाडी तिच्यासाठी नव्हतीच. पदर चाकात गेल्याच्या घटना त्या काळात कोणाच्या ना कोणाच्या घरी ऐकायला मिळायच्या. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या माणसासाठी धरायची कडी, पाय ठेवायची सोय आणि मागचं चाक निम्मं तरी झाकेल असं संरक्षण सक्तीचं केलं, ते उगाच नाही. पुढे आरएक्स १०० (१९८५ ते १९९६) जास्त घरांत पोचली. तिचं एक कारण मायलेज, पण घरातल्या बायकांना विचाराल तर त्या दुसरं सांगतील. तिचा एकच सायलेन्सर उजवीकडे होता.

पुढची पिढी आली तेव्हा सीबीझेड (१९९९), पल्सर (२००१), करिझ्मा (२००३) आणि २००८ मध्ये यामाहा आर१५ आली. आर१५ तर खरोखर वाकून चालवायची गाडी. त्या वेळी वीस वर्षांची असलेली पोरं आज चाळिशीकडे झुकलीत, मागे बायको आणि पुढ्यात लेकरू आहे. आता तीच पोरं मिस्त्रीकडे जाऊन 'हँडल वर करून दे' म्हणतात. बापाने राजदूतला केलं तेच मुलगा आर१५ ला करतोय. फरक इतकाच की आता पुढे हायड्रॉलिक डिस्क आहे. हँडल उंच केलं तर ब्रेकची नळीही लांब आणि चांगल्या प्रतीची लागते. इथे पैसे वाचवू नका.

बँकेत वाहनकर्जाची फाईल हाताळताना एक गोष्ट पक्की समजली होती. कागदावरची गाडी आणि दारातली गाडी एकच असली पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ वैशिष्ट्यांत फरक पडेल असे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. म्हणून सीट भरून घ्या, शॉकअप जुळवा, टायर-ब्रेक नीट ठेवा, साडीगार्ड काढू नका. पण चासिस कापणं, वेल्डिंग करून मागचा भाग लांबवणं, दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं हे धंदे नकोत. हँडल बदलण्याआधीही आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारून घ्या. क्लेमच्या वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरी, गावाकडच्या खळ्यात किंवा सोसायटीच्या जिन्याखाली अशी जुनी गाडी असेल आणि मुलगा ती 'ओरिजिनल' करायला निघाला असेल, तर खुशाल करू द्या. फक्त सुटं करण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. हँडल कोणी वर केलं, सीट कुठे भरली, कॅरिअर कशासाठी लावलं, मागे कोण बसायचं, हे मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. काढलेलं साडीगार्ड एका पोत्यात बांधून माळ्यावर टाका, भंगारवाल्याला देऊ नका. कंपनीने गाडी कशी बनवली ते कंपनीच्या पुस्तकात मिळेल. आपल्या आया-आज्या तिच्यावर बसून कोंडाईबारी कशा चढल्या, ते फक्त आपल्याच घरात मिळेल.

कोणाकडे असे फोटो असतील तर खाली जरूर टाका. गाडीचं नाव, साल आणि गावाचं नाव लिहायला विसरू नका.