खिसेकापू, प्रवासी आणि साडेचारशे वर्षांची झटापट

परदेशी जायचं ठरलं की घरातलं कोणीतरी बजावतंच, "पाकीट सांभाळ, पासपोर्ट सांभाळ." युरोपातल्या मोठ्या शहरांत हा सल्ला निदान साडेचारशे वर्षं दिला जातोय, आणि तेवढीच वर्षं तिथे खिसे रिकामे होतायत. मग सल्ल्यात कमी काय पडतं? आज आपण मुख्यतः लंडनकडे बघू, कारण तिथल्या खिसेकापूंबद्दल कायदे, पत्रं, नाटकं, खटले असं पुष्कळ लिहून राहिलेलं आहे. त्यातून प्रवाशाच्या कामाचं काय हाती लागतं, ते शेवटी पाहू.

सुरुवात शब्दापासून करू. आपला 'खिसा' फारसीतल्या 'कीसा'वरून आला. कीसा म्हणजे थैली, पिशवी. म्हणजे शब्द आधी थैलीचा होता, कपड्याला शिवलेल्या कप्प्याचा नंतर झाला. त्याहून जुना संस्कृत शब्द आहे 'ग्रंथिभेदक', गाठ सोडवून पैसे काढणारा. मनुस्मृतीत त्याला शिक्षा सांगितली आहे: पहिल्यांदा सापडला तर बोटं, दुसऱ्यांदा हात-पाय, तिसऱ्यांदा देहान्त. इंग्रजीतही हीच वाट दिसते. तिथे आधी होता 'कटपर्स', म्हणजे थैली कापणारा. तेव्हा माणसं पैशाची थैली कमरपट्ट्याला उघडी लटकवायची आणि चोर धारदार सुरीने तिची दोरी कापायचा. पुढे कपड्यांना आतून खिसे आले आणि कापणाऱ्याच्या जोडीला बोटं घालून काढणारा 'पिकपॉकेट' आला. बायकांचे खिसे तर वेगळेच असत. कमरेला नाडीने बांधलेले, घागऱ्याच्या आत, आणि वरच्या फटीतून हात घालायचा. जवळपास आपल्या कशासारखेच. तरी तेही कापले जात. थोडक्यात, थैलीची जागा बदलली की चोराचं हत्यार बदलतं. धंदा चालू राहतो.

हा धंदा किती मुरलेला होता? 1585 साली लंडनचे न्यायाधिकारी विल्यम फ्लीटवुड यांनी राणी एलिझाबेथच्या मंत्र्याला, लॉर्ड बर्ली यांना एक पत्र लिहिलं. त्यात वॉटन नावाच्या माणसाची हकिगत आहे. हा चांगल्या घरातला, एकेकाळचा व्यापारी. बिलिंग्जगेटजवळच्या आपल्या दारूच्या गुत्त्यात त्याने चक्क शाळा काढली होती. तिथे एक खिसा आणि एक थैली टांगलेली असायची आणि त्यांना बारीक घंटा लावलेल्या असायच्या. घंटा न वाजवता खिशातलं नाणं काढलं की पोराला एक पदवी, थैलीतली चांदी काढली की वरची पदवी. आपण "लक्ष ठेवीन" असं मनाशी ठरवून रस्त्यावर उतरतो, तेव्हा समोर असा सराव करून आलेला माणूस असतो.

राज्यकर्त्यांनी काय केलं? फास लावला. 1565 च्या कायद्याने एक शिलिंगाहून जास्त किमतीची वस्तू अंगावरून गुपचूप काढणाऱ्याला देहान्ताची शिक्षा आली. या कायद्याच्या प्रस्तावनेत एक यादी आहे. हे लोक प्रार्थनेच्या वेळी चोरतात, राजवाड्यात चोरतात, न्यायालयात चोरतात, जत्रेत चोरतात. एवढंच नाही, गुन्हेगारांना फाशी दिलं जातं त्या गर्दीतही चोरतात. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं की फासाच्या सावलीतही हात थांबत नाही.

दुसरी गंमत कायद्यातच होती. चोरी 'गुपचूप', म्हणजे मालकाला न कळता झाली असली पाहिजे. धक्का जाणवला, हात लागलेला कळला, तर हे कलम लागू होत नसे. शिवाय ज्यूरीतल्या लोकांना रुमालापायी पोराला फासावर चढवणं जिवावर यायचं. मग ते वस्तूची किंमत दहा पेन्स ठरवायचे, शिलिंगाच्या खाली, की जीव वाचला. बरेच लोक तर तक्रारच करत नसत. शेवटी 1808 साली सॅम्युएल रोमिली यांनी खिसेकापूंची देहान्ताची शिक्षा रद्द करवली आणि तिच्या जागी काळं पाणी आलं. त्यानंतर खटले वाढले. विरोधक म्हणाले, बघा, चोऱ्या वाढल्या. रोमिलींच्या बाजूचे म्हणाले, चोऱ्या नाही, तक्रार करायला पुढे येणारे वाढले.

आता प्रवाशाकडे येऊ. चोराला परका माणूस का आवडतो? त्याच्याजवळ रोकड जास्त असते, तो वर बघत चालतो, हे तर आहेच. पण खरं कारण जॉर्ज बॅरिंग्टनच्या गोष्टीत दिसतं. हा आयरिश माणूस, उंची कपडे, गोड बोलणं, बड्या लोकांत ऊठबस. 1775 साली त्याने कॉव्हेंट गार्डनच्या नाटकगृहात रशियन सरदार ऑर्लोव्ह यांची हिरेजडित तपकिरीची डबी लांबवण्याचा प्रयत्न केला. ऑर्लोव्हना कळलं, बॅरिंग्टन पकडला गेला. पण पाहुण्या सरदाराने खटला चालवायला नकार दिला आणि बॅरिंग्टन सुटला. प्रवासी हा असा फिर्यादी असतो, ज्याला साक्षीला थांबायचंच नसतं. परवा त्याची बोट असते, आजच्या भाषेत विमान असतं. हे चोराला त्याच्याहून चांगलं माहीत असतं. बॅरिंग्टनचं पुढे काय झालं, तेही सांगतो. पुढच्या एका चोरीत 1791 साली त्याला ऑस्ट्रेलियात पाठवलं आणि तिथे पॅरामॅटाला तो चक्क मुख्य कॉन्स्टेबल झाला!

बरं, मग निदान सावध तरी करावं लोकांना. तर बेन जॉन्सनचं 1614 सालचं 'बार्थोलोम्यू फेअर' हे नाटक बघा. जत्रेत एक गाणारा उभा राहतो आणि खिसेकापूंपासून जपा, असं गाणं म्हणतो. गर्दी रंगते, आणि त्याचाच साथीदार एका भोळ्या श्रीमंताची थैली मारतो. त्याच्या वीसेक वर्षं आधी रॉबर्ट ग्रीनने आपल्या पुस्तिकेत हीच युक्ती वर्णन केली होती. इशारा ऐकला की माणूस नकळत हात थैलीवर नेतो, आणि थैली कुठे आहे ते चोराला दाखवून देतो. आज स्टेशनवर "पाकीटमारांपासून सावधान" ही पाटी वाचताना आपला हात कुठे जातो, ते जरा आठवून बघा.

म्हणजे दणकट थैली चालली नाही, फास चालला नाही, नुसती सावधगिरीही पुरली नाही. मग काय चाललं? माझ्या मते एकच गोष्ट खरोखर चालली: चोरलेली वस्तू चोराच्या निरुपयोगी करून टाकणं.

ही अक्कल आपल्याकडच्या सराफांना फार आधीपासून होती. शाहजोग हुंडीचा नियमच असा की ती कुणाही सोम्यागोम्याला वटवता येत नाही. पैसे बाजारातल्या प्रतिष्ठित पेढीवाल्यालाच, म्हणजे शाहाला मिळायचे. हुंडी हरवली तर पैठ, तीही हरवली तर परपैठ, अशा नकला काढायची सोय होती. युरोपात 1772 साली रॉबर्ट हेरीज या बँकरने प्रवाशांसाठी फिरत्या हुंड्या काढल्या. अशा हुंडीबरोबर प्रवाशाच्या सहीचं वेगळं पत्र मिळे, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, अशी ताकीद असे. पुढे 1891 साली अमेरिकन एक्स्प्रेसच्या मार्सेलस बेरी यांनी ट्रॅव्हलर्स चेक आणला. घेताना एक सही, वटवताना अधिकाऱ्यासमोर दुसरी. सह्या जुळल्या तरच पैसे, हरवला तर भरपाई. आजचं कार्ड आणि त्याचा पिन हा याच घराण्यातला.

पण चोरही शिकतोच. पिन आला, तसा तो एटीएमपाशी खांद्यावरून डोकवायला लागला. आणि गर्दीचं म्हणाल, तर एप्रिल 2013 मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांनी पाकीटमारांच्या टोळ्यांना वैतागून काम बंद केलं. संग्रहालय एक दिवस बंद राहिलं. वॉटनची शाळा काही मिटलेली नाही.

या सगळ्यातून आपण काय घ्यायचं? एक, हेरीजची ताकीद पाळायची: पैसे, कार्डं आणि पासपोर्ट एका जागी नकोत. एक कार्ड अंगावर, दुसरं खोलीवर. दिवसभराचे सुटे पैसे वेगळे, म्हणजे चारचौघांत मोठी थैली उघडावी लागत नाही. दोन, मेट्रोत चढता-उतरताना कोणी धक्का दिला, अंगावर काही सांडलं, सहीसाठी कागद पुढे केला, तर तो ग्रीनच्या काळातलाच खेळ समजायचा. बघायचं ते पलीकडच्या हाताकडे. तीन, कार्ड आणि फोन बंद करण्याचे नंबर फोनमध्येच ठेवून उपयोग नाही. कागदावर लिहून सामानात ठेवा.

पासपोर्टचं मात्र वेगळं आहे. तो चोराच्या उपयोगाचा नसला, तरी तुमचा प्रवास तिथेच थांबतो. म्हणून त्याची नक्कल वेगळी ठेवा. गेलाच तर आधी पोलिसांत लेखी तक्रार, मग भारतीय दूतावास. तिथे भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळू शकतं. तक्रारीत एक सकाळ जाईल, चिडचिड होईल. तरी ती करा. आपण थांबत नाही, या एकाच भरवशावर ऑर्लोव्हपासून आजपर्यंत हा धंदा चाललाय.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.