हेडमास्तरांची रोजनिशी

नव्या मुख्याध्यापकाने रोजनिशी ठेवावी, तीत आपल्या निर्णयांचा व चुकांचा शांतपणे विचार करावा, असा उपदेश हल्लीचे शिक्षणशास्त्रज्ञ आग्रहाने करीत असतात. उपदेश चांगला आहे. परंतु शाळेच्या प्रमुखाने रोज लिहावे ही कल्पना नवी नव्हे. आणि तिला ज्या नियमाने सक्तीचे रूप आले, त्या नियमात विचार लिहिण्यासच बंदी होती!

ही गोष्ट इंग्लंडातील. तेथे १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या कारकिर्दीत प्राथमिक शाळांसाठी सुधारलेली नियमावली निघाली. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत भक्कम बांधणीचे एक लॉगबुक असावे आणि मुख्य शिक्षकाने त्यात रोज नोंद करावी, असे तीत फर्माविले होते. शाळेची प्रगती, आजार, कोण रुजू झाले, कोणास ताकीद दिली, हे लिहावयाचे. केलेली नोंद खोडावयाची नाही. दुरुस्ती करणे तर पुढील नोंदीने. आणि सर्वसाधारण स्वरूपाचे विचार अगर मते मात्र मुळीच लिहावयाची नाहीत.

यामागे पैसा होता. विद्यार्थ्यामागे चार शिलिंग सरासरी हजेरीवर मिळत. सहा वर्षांवरील मुलामागे आणखी आठ शिलिंग असत. पण वाचन, लेखन व गणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होई, त्याचे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. परीक्षा सरकारी तपासनीस घेई, आणि लॉगबुकही तोच पाही. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे चरितार्थासाठी शाळातपासनीस होते. त्यांनी स्वतःच १८६२ मध्ये या पद्धतीवर कडक टीका केली. पण ती वाऱ्यावर गेली.

आता, श्रोतेहो, खेड्यातील शाळेवर प्रथमच नेमलेला तरुण हेडमास्तर डोळ्यांपुढे आणा. सल्ला विचारावा असा समव्यवसायी जवळपास कोणी नाही. तो लॉगबुक उघडतो आणि लिहितो, की आज शाळेचा ताबा घेतला. पुढे एकदोन दिवसांत बहुधा दुसरी नोंद येते, की मुले गणितात फार मागे आहेत. ही वस्तुस्थिती खरीच. पण आधीच्या मास्तरांचे अज्ञान माझ्या खात्यावर मांडू नका, ही विनवणीही तीत आहे. केंटमध्ये हॉप्सच्या तोडणीस मुले निघून जात. हजेरी घटल्याची तीच तक्रार वर्षानुवर्षे लिहिली म्हणजे मत न लिहिताही मत उमटतेच. नियम करणाऱ्यांना हे उमगले नसावे.

आपल्याकडील शाळांतून शेरेबुक असे. त्यात लेखणी साहेबांची. तिकडे लेखणी हेडमास्तरांची, पण नजर साहेबांचीच. माझ्या मते दुसरा प्रकार अधिक जाचक. कारण त्यात मनुष्य स्वतःच्या हाताने सावधपणा शिकतो.

परीक्षेवर पैसे देण्याची पद्धत १८९० नंतर हळूहळू मावळली. पुढे जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये आणि डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये चिंतनाची थोरवी विस्ताराने मांडली. परंतु नव्या मुख्याध्यापकाची रोजनिशी वरिष्ठांनी तपासून गुण द्यावयाचे असतील, तर तोही गणितात मागे असलेल्या मुलांबद्दलच लिहील. स्वतःच्या भीतीबद्दल नव्हे.

ती जुनी लॉगबुके इंग्लंडातील परगण्यांच्या दफ्तरखान्यांत आज जपून ठेविली आहेत. गोवराची साथ कोणत्या आठवड्यात आली, हे त्यांवरून कळते. शाळा बंद करावी की नाही या विवंचनेत हेडमास्तरांनी ती रात्र कशी काढली, हे बहुधा कळत नाही.