चुंबकीय अधिशोषकाद्वारे आर्सेनिक निर्मूलन

चुंबकीय अधिशोषकाद्वारे आर्सेनिक निर्मूलन ही पाण्यात विरघळलेले आर्सेनिक चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या सूक्ष्म कणांच्या साहाय्याने वेगळे करण्याची पद्धत आहे. घन पदार्थाच्या पृष्ठभागावर दुसऱ्या पदार्थाचे रेणू वा आयन चिकटून राहण्याच्या क्रियेस अधिशोषण, तर त्या घन पदार्थास अधिशोषक म्हणतात.

पार्श्वभूमी

आर्सेनिकयुक्त पाण्यास रंग, वास वा चव नसते; उकळल्यानेही आर्सेनिक नाहीसे होत नाही. असे पाणी अनेक वर्षे पिण्यात आल्यास त्वचेवर डाग पडतात, तळहात व तळपाय खरखरीत होतात आणि त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिलिटर १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे. गडचिरोली जिल्ह्यालगतच्या छत्तीसगडमधील अंबागढ चौकी भागात, विशेषतः कौडीकसा गावी, भूजलातील आर्सेनिकाची बाधा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आली. तेथील आर्सेनिक मुख्यतः खडकांतून पाण्यात उतरते.

कार्यपद्धती

या पद्धतीत मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचा वापर होतो. सांगली जिल्ह्यातील पलूससह दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट खडकातही या वर्गातील खनिजांचे कण आढळतात. जलशुद्धीकरणासाठी मात्र अतिसूक्ष्म कण प्रयोगशाळेत तयार करतात. कण जितका लहान, तितके एकूण पृष्ठफळ अधिक व आर्सेनिक धरून ठेवण्याची क्षमताही अधिक. परंतु अशी भुकटी तळाशी लवकर बसत नाही आणि साध्या गाळणीतून निसटते. चुंबकाचा उपयोग येथेच होतो : आर्सेनिक चिकटलेले कण चुंबकाने एका बाजूस ओढून स्वच्छ पाणी ओतून घेता येते. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये सुमारे १२ नॅनोमीटर आकाराचे मॅग्नेटाइट कण तुलनेने क्षीण चुंबकीय क्षेत्रानेही वेगळे करता येतात, असे दाखविले.

मर्यादा

भूजलात आर्सेनिक त्रिसंयुजी व पंचसंयुजी अशा दोन रूपांत असते. त्रिसंयुजी रूप अधिक विषारी असून नेहमीच्या पाण्यात विद्युतभाररहित असते. त्यामुळे ते काढणे सहसा अवघड जाते व आधी ऑक्सिडीकरण करावे लागते. पाण्यातील फॉस्फेट व सिलिकेट हे अधिशोषकावरील जागा व्यापून त्याची क्षमता घटवितात. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने धुऊन कण पुन्हा वापरता येतात. परंतु त्या द्रावणात आर्सेनिक एकवटते. या पद्धतीने आर्सेनिक नष्ट होत नाही, केवळ पाण्यातून बाजूला होते. म्हणून उरलेल्या द्रावणाची व निकामी कणांची सुरक्षित विल्हेवाट न लावल्यास तेच विष पुन्हा माती व भूजलात मिसळू शकते.