जुन्या मोटारीची कागदी साक्ष

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात प्रेक्षकांचे डोळे प्रथम गाडीच्या रंगावर, क्रोमच्या चकाकीवर आणि उघड्या बॉनेटखालच्या इंजिनावर खिळतात. गाडीशेजारी बहुधा एक लहानसे मेज असते. त्यावर मालकाने जुन्या जाहिराती, माहितीपुस्तिका, नकाशे अशी छापील चीजवस्तू मांडलेली असते. पुष्कळांना ती केवळ सजावट वाटते. आम्हांसही एके काळी तसेच वाटत असे. पण सजावट आणि साक्ष यांत मोठे अंतर आहे. हे अंतर आम्हांला स्वतःच्याच एका चुकीने शिकवले.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका स्नेह्याने आपली १९६६ सालची ‘फियाट ११०० डिलाइट’ प्रदर्शनात ठेवली. मेजावरील कागद निवडण्याचे काम त्याने विश्वासाने आम्हांवर सोपवले. ‘फियाट ११०० डी’ची इटलीत छापलेली एक सुंदर रंगीत पुस्तिका आम्ही मोठ्या खटपटीने मिळवली आणि अभिमानाने मध्यभागी ठेवली. दुपारच्या सुमारास एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांचे आयुष्य गॅरेजमध्ये गेले होते. चष्मा सावरून त्यांनी पुस्तिका वाचली आणि सौम्यपणे म्हणाले, “साहेब, ह्या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं. तुमचा कागद १२२१ म्हणतो. हा दुसऱ्याच गाडीचा कागद की हो!”

ते खरेच होते. इटलीतील ११०० डीला १२२१ सीसीचे इंजिन होते. कुर्ल्यात बनलेल्या तिच्या बहिणीने मात्र १०८९ सीसीचे इंजिन अखेरपर्यंत वागवले. बाह्यरूप जवळजवळ एक, पण प्रकृती निराळी. सकाळपासून शेकडो माणसांनी आमच्या मेजावर एक असत्य वाचले होते, आणि ते सुंदर छापलेले असल्यामुळे कोणाला त्याचा संशयही आला नव्हता.

म्हणून पहिला नियम आम्ही असा करतो : कागद गाडीच्या नावाचा असून भागत नाही, तो त्याच देशाचा आणि त्याच काळाचा असावा लागतो. यासाठी गाडीचा वंशवृक्ष ठाऊक हवा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. प्रारंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने गाड्यांची जुळणी होई. पुढे पन्नाशीच्या दशकात तुरीनच्या फियाटशी संबंध जुळला. त्याच दशकात परदेशी गाड्यांची केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना येथे राहणे कठीण झाले. मुंबईत शिवडीला १९२८पासून जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सनेही तेव्हा काढता पाय घेतला. फियाटशी असलेला परवान्याचा करार संपल्यावर सत्तरीच्या दशकाच्या आरंभी गाडीचे नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तेव्हा १९६६च्या गाडीशेजारी पद्मिनीची जाहिरात मांडणे म्हणजे आजीच्या तसबिरीखाली नातीचे नाव लिहिण्यासारखे आहे.

पुष्कळ कागदांवर सालच नसते. अशा वेळी कागदच आपले वय सांगतो. ते ऐकण्याची सवय मात्र हवी. किंमत आण्यांत असेल तर तो कागद बहुधा १ एप्रिल १९५७च्या आधीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असा उल्लेख असेल तर तो १९५७ ते १९६४ या काळातला, कारण जून १९६४मध्ये ‘नये’ हा शब्द गळून पडला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचा असू शकत नाही. गाडीचा क्रमांक ‘एमएच’ने सुरू होत असेल तर तो बहुधा १९८९मध्ये लागू झालेल्या नव्या मोटार वाहन कायद्यानंतरचा. ही साधी चाचणी केली असता ‘अस्सल जुना’ म्हणून विकला जाणारा किती तरी माल गळून पडतो.

दुसरा नियम आम्हांला अधिक मोलाचा वाटतो : केवळ विक्रेत्याचा कागद मांडू नये, ग्राहकाचाही मांडावा. जाहिरातीत हसरे कुटुंब सहलीला निघालेले असते. त्या कुटुंबाने गाडीसाठी किती वर्षे वाट पाहिली, हे जाहिरात सांगत नाही. मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण ठेवणारा सरकारी आदेश १९५९ साली निघाला. १९६९मध्ये सरकारने किमतीही ठरवून दिल्या आणि त्यावरून प्रीमियर ऑटोमोबाईल्स सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मागणी अमाप, उत्पादन तुटपुंजे. त्यामुळे नोंदणीची पावती घरातील दागिन्यांच्या पेटीत जपली जाई. अशी एक विटकी पावती रंगीत जाहिरातीशेजारी ठेवली की दोन्ही कागद बोलू लागतात. एक स्वप्न सांगतो, दुसरा त्या स्वप्नाची किंमत. आर.सी. बुक, सर्व्हिसची कुपने, पेट्रोलची बिले, १९१९पासून मुंबईत कार्यरत असलेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनचे मार्गनकाशे हे सारे याच जातीचे कागद. मात्र आर.सी. बुकातील आधीच्या मालकांची नावे व पत्ते झाकूनच ते मांडावे. इतिहासाच्या नावाखाली कोणाचे खासगीपण उघडे करू नये.

गाडी टॅक्सी असेल तर एक कागद विसरता येणार नाही : भाडेदराचे टॅरिफ कार्ड. यांत्रिक मीटर दर भाडेवाढीला बदलता येत नसे. म्हणून मीटरवरचा आकडा आणि प्रत्यक्ष भाडे यांचा मेळ घालणारे हे छापील कोष्टक चालक जवळ बाळगी. त्यावरून किती हुज्जती झाल्या आणि किती मिटल्या, हे मुंबईकरांना सांगावयास नको. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. एखाददुसरी गाडी कोणी हौशी माणूस जतन करील. पण हजारो चालकांच्या डिकीत घड्या पडलेली ती कार्डे कोण जपणार?

जपण्याविषयी दोन शब्द. मूळ कागद दिवसभर उन्हात ठेवू नये. शाई उडते आणि वर्तमानपत्री कागद पाहता पाहता पिवळा पडतो. मूळ प्रत घरी ठेवावी आणि प्रदर्शनात तिची चांगली प्रतिकृती मांडावी. पण ती प्रतिकृती आहे, असे खाली स्पष्ट लिहावे. लॅमिनेशन व चिकटपट्टी कटाक्षाने टाळावी. टाचण्या काढून टाकाव्यात, कारण आपल्या दमट किनारी हवेत त्या गंजतात आणि डाग कागदात उतरतो. कसर आणि वाळवी यांच्यावर बारमाही नजर ठेवावी. मेजावर चार-पाचच कागद असावेत आणि प्रत्येकाखाली दोन ओळींत साल, ठिकाण व उपयोग नोंदवावा. वीस कागदांची गर्दी झाली की माणूस एकही वाचत नाही.

पुढल्या वर्षी आम्ही त्या स्नेह्याच्या गाडीशेजारी चारच कागद ठेवले : येथेच छापलेली त्या काळची एक जाहिरात, नोंदणीची पावती, सर्व्हिसचे पुस्तक आणि एक मार्गनकाशा. इटालियन पुस्तिकाही आम्ही फेकली नाही. ती बाजूला ठेवून तिच्याखाली लिहिले, ‘ही या गाडीच्या इटलीतील बहिणीची पुस्तिका. इंजिनाचा आकडा पाहावा.’ त्या दिवशी सर्वाधिक गर्दी जमली ती विटक्या पावतीभोवती. एक वयस्क बाई आपल्या नातवाला सांगत होत्या, “आमच्या घरी अशीच होती बघ. गाडी आली तेव्हा तुझे पणजोबा नव्हते.”

गाडी लोखंडाची असते. तिला नवा रंग देता येतो, नवा पत्रा बसवता येतो. पावती एकदा रद्दीत गेली की पुन्हा छापता येत नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरच्या माळ्यावर असे कागद असतील, तर रद्दीवाल्याची हाक ऐकण्यापूर्वी ते एकवार उघडून पाहावेत, एवढीच आमची विनंती.