कमी तापमानाचा थर्मोस्टॅट लावला की गाडी तापायची थांबते का?

उन्हाळ्यात घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर सरकू लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. थर्मोस्टॅट काढून टाका, नाहीतर कमी तापमानाला उघडणारा लावा. यातला दुसरा सल्ला ऐकायला शास्त्रीय वाटतो. 88 किंवा 91 अंश सेल्सिअसऐवजी 71 अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट बसवला, तर इंजिनही तेवढंच थंड राहील असा साधा हिशेब त्यामागे असतो. पण हा हिशेब चुकतो. कसा, ते पाहू.

थर्मोस्टॅट काय करतो?

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला हा एक दरवाजा आहे. छोट्या धातूच्या डबीत मेण भरलेलं असतं. ठरावीक तापमानाला ते वितळून फुगतं आणि स्प्रिंगच्या विरोधात वॉल्व्ह ढकलून उघडतं. तोपर्यंत कूलंट इंजिनातच फिरत राहतं, त्यामुळे इंजिन लवकर गरम होतं. 88 अंशांचा थर्मोस्टॅट 88 ला उघडायला सुरुवात करतो आणि पूर्ण उघडायला त्याला साधारण आणखी 10 ते 15 अंश लागतात.

म्हणजे थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. एकदा तो पूर्ण उघडला की त्याच्या हातात काहीच उरत नाही. पुढचं सगळं रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि बाहेरची हवा यांच्यावर असतं.

मग 45 अंशांच्या उन्हात काय होतं?

विदर्भातल्या मे महिन्याची दुपार घ्या. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. हवा 45 अंश आणि कूलंट 90 अंश असेल, तर फरक 45 अंशांचा. कूलंट 71 वर ठेवायचं म्हटलं, तर फरक उरतो फक्त 26 अंशांचा. म्हणजे तोच रेडिएटर, तेवढ्याच हवेत, सुमारे 40 टक्के कमी उष्णता बाहेर टाकणार. चढावर इंजिन मात्र पूर्वीइतकीच उष्णता तयार करत असतं. साहजिकच कूलंट तापत जातं आणि जिथे दोन्हींचा मेळ बसतो तिथेच काटा थांबतो. थर्मोस्टॅटवर 71 लिहिलेलं असो वा 88, त्या क्षणी दोन्ही सताड उघडेच असतात.

फायदा होतो तो एवढाच, की गाडी थोड्या कमी तापमानावरून चढ सुरू करते आणि काटा वर जायला जरा जास्त वेळ लागतो.

ट्रॅफिकमध्ये तर तेवढंही नाही. सिग्नलवर उभ्या गाडीला हवा मिळते ती विजेच्या पंख्याची. तो पंखा अनेक गाड्यांत 95 ते 105 अंशांच्या दरम्यान सुरू होतो. ते सेटिंग बदललं नाही, तर गाडी तिथपर्यंत तापणारच.

ताकद वाढते, हे तरी खरं का?

काही प्रमाणात, पण सगळ्यांसाठी नाही. पेट्रोल इंजिनात सिलिंडर हेड फार तापलं की नॉकिंगचा धोका वाढतो. मग ईसीयू ठिणगी थोडी उशिरा टाकतो आणि ताकद कमी होते. अमेरिकेत व्ही8 गाड्या ट्यून करणारे हौशी लोक 160 फॅरनहाइटचा, म्हणजे 71 अंशांचा थर्मोस्टॅट वापरतात तो यासाठी. पण ते सोबत ईसीयूचं प्रोग्रॅमिंग आणि पंख्याचं सेटिंगही बदलतात.

कंपनीतून आली तशी गाडी असेल, तर उलटं होऊ शकतं. इंजिन पुरेसं गरम झालेलं नाही असं समजून ईसीयू जास्त पेट्रोल सोडू शकतो, मायलेज घसरतं. अनेक गाड्यांत पी0128 हा कोड येऊन चेक इंजिनचा दिवा लागतो. डिझेलमध्ये नॉकिंगचा हा प्रश्नच नसल्याने ताकदीचा फायदा नाही. शिवाय बीएस-6 डिझेल गाड्यांतला काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करतो तो इंजिन नीट गरम असेल तरच.

ऑइलचा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही. इंजिनात ज्वलनातून पाण्याची वाफ तयार होते आणि थोडी ऑइलपर्यंत पोहोचते. ऑइल पुरेसं तापलं तर ती उडून जाते. रोज तीन-चार किलोमीटरच चालणाऱ्या थंड इंजिनात ती साचते आणि ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसू लागतो. गंमत म्हणजे हेड गॅस्केट गेल्यावरही असाच थर दिसू शकतो, त्यामुळे निदानातही घोळ होतो.

थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर?

हा सल्ला जास्त घातक. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ही वाट कायम उघडी राहते आणि काही कूलंट रेडिएटरला न जाता तसंच गरम इंजिनात परततं. गाडी थंड होण्याऐवजी आणखी तापू शकते.

कंपन्यांची दिशा कोणती?

उलटी. जुन्या काळी अँटिफ्रीझ म्हणून अल्कोहोल वापरलं जायचं. ते लवकर उकळून उडून जायचं, म्हणून थर्मोस्टॅट कमी तापमानाचे असायचे. ग्लायकॉल आणि प्रेशर कॅप आल्यावर कूलंटचा उत्कलनबिंदू 120 अंशांच्या पुढे गेला आणि इंजिन जास्त गरम चालवणं शक्य झालं. इंधनाची बचत आणि प्रदूषणाचे नियम यांनाही तेच सोयीचं होतं. आता बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट असतो. संथ चालवताना तो इंजिन 100 अंशांच्या वरही राहू देतो आणि जोर लावला की लवकर उघडून तापमान खाली आणतो.

मग तापणाऱ्या गाडीत काय तपासायचं?

आधी रेडिएटर. जाळीत चिखल आणि किडे अडकलेत का, कूलंटऐवजी साधं पाणी भरून आत गाळ साचलाय का, कॅपचं रबर कडक झालंय का, हे पाहावं. कॅप मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडायची. मग पंख्याचा रिले आणि वॉटर पंप. थर्मोस्टॅटचा संशय असेल, तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात टांगावा, थर्मामीटर ठेवून पाणी तापवावं. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडू लागला तर तो ठीक आहे. पाणी उकळलं तरी बंदच राहिला, तर बदलायचा, पण त्याच आकड्याचा.