सक्रिय दीर्घिकांतील बहिर्प्रवाह आणि पुणे जिल्ह्यातील वेधपरंपरा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
बारामती व इंदापूर तालुक्यांचा आधुनिक इतिहास नीरा डावा कालवा, साखर कारखाने आणि उजनी धरण यांच्या आधारे सांगितला जातो. उजनीच्या जलाशयात येणारी भीमा ज्या घोड नदीचे पाणी घेऊन येते, तिला जुन्नर परिसरातील कुकडी व मीना या नद्या मिळतात. याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे, महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण अर्थात जीएमआरटी उभी आहे. जिल्ह्याच्या इतिहासलेखनात मात्र या वेधपरंपरेस पुरेसे स्थान मिळालेले नाही. प्रस्तुत लेखात एका दीर्घिकेच्या अभ्यासाच्या आधारे या परंपरेचे महत्त्व मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्नाची पार्श्वभूमी :
इ.स. १९१८ मध्ये हेबर कर्टिस यांनी एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातून निघालेली एक सरळ प्रकाशरेषा नोंदवली. तिचा अर्थ त्या काळी लागला नाही. १९४३ मध्ये कार्ल सीफर्ट यांनी काही दीर्घिकांच्या केंद्रांतील वर्णरेषा असामान्य रुंद असल्याचे दाखवले. याचा अर्थ तेथील वायू अतिवेगाने फिरत होता. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात बोल्टन, स्टॅनली व स्ली यांनी काही रेडिओ उगमांची सांगड दृश्य दीर्घिकांशी घातली. तेव्हापासून प्रकाशीय व रेडिओ वेध एकमेकांस पूरक ठरू लागले. प्रकाशीय वर्णपट वायूचा वेग व घटकद्रव्ये सांगतो. रेडिओ वेधांतून चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा माग लागतो. जुन्या, ऊर्जा गमावलेल्या इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जन दीर्घ तरंगलांबीवर टिकून राहते. म्हणून गतकाळातील बहिर्प्रवाहाच्या खुणा शोधण्यास मीटरतरंग विशेष उपयुक्त ठरतात.

कल्याण ते खोडद :
भारतातील या कार्याचा पाया प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी घातला. ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या ३२ लहान तबकड्यांची मांडणी १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याण येथे कार्यरत झाली. १९७० मध्ये उटी येथे ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. त्यानंतर खोडदची निवड झाली. कृत्रिम रेडिओ लहरींचा उपद्रव येथे कमी होता व हवामान अनुकूल होते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात, तर १६ तीन भुजांवर असून त्यांचा विस्तार सुमारे २५ किलोमीटर आहे. ताणलेल्या दोरांवर तारेची हलकी जाळी बसवल्यामुळे तबकड्यांचा खर्च व वाऱ्याचा भार दोन्ही घटले. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गिरवली येथे आयुकाची २ मीटर व्यासाची प्रकाशीय दुर्बीण २००६ मध्ये कार्यान्वित झाली. अशा रीतीने दोन्ही प्रकारच्या वेधांची साधने एकाच जिल्ह्यात उपलब्ध झाली.

एनजीसी ६७६४ चे उदाहरण :
हंस तारकासमूहातील ही भुजायुक्त सर्पिल दीर्घिका सुमारे १० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. १९७५ मध्ये व्हेरा रुबिन व सहकाऱ्यांनी तिचे केंद्र सीफर्ट प्रकारचे असल्याचे नोंदवले. १९८२ मध्ये ऑस्टरब्रॉक व कोहेन यांना तेथे अतितप्त, अल्पायुषी ताऱ्यांच्या वर्णरेषा आढळल्या. त्यामुळे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला : केंद्रातून बाहेर पडणारा वायू कृष्णविवराच्या झोताने ढकलला जातो, की नवताऱ्यांच्या उद्रेकाने?

आनंद होटा व ध्रुवज्योती सैकिया यांनी खोडदची दुर्बीण व अमेरिकेतील व्हीएलए यांच्या साहाय्याने केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घिकेच्या प्रतलाबाहेर, दोन्ही बाजूंस, रेडिओ बुडबुडे स्पष्ट झाले. त्यांचा विस्तार उत्तरेस सुमारे ३,६००, तर दक्षिणेस सुमारे ४,९०० प्रकाशवर्षे इतका आहे. केंद्राजवळ उदासीन हायड्रोजनचे, आपल्या दिशेने येणाऱ्या वायूचे सूचक असे शोषणही आढळले. २००८ मध्ये चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या वेधांतून या बुडबुड्यांशी निगडित तप्त वायू दिसला व कृष्णविवराच्या झोताची बाजू अधिक बळकट झाली. ताऱ्यांच्या उद्रेकाचा वाटा मात्र सर्वस्वी नाकारता येत नाही. एकाच तरंगलांबीच्या आधारे हा निर्णय करता आला नसता, हाच या उदाहरणाचा बोध होय.

शांततेचा प्रश्न :
अशा अतिक्षीण लहरी टिपण्यासाठी रेडिओ शांतता आवश्यक असते. भ्रमणध्वनी मनोरे, विद्युतवाहिन्या व वाढते उद्योग यांमुळे ती घटत जाते. पुणे–नाशिक द्रुतगती रेल्वेच्या नियोजित मार्गाबाबतही अलीकडे हाच प्रश्न पुढे आला. रेल्वेची गरज या भागातील शेतकरी व विद्यार्थ्यांना आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि एकदा गमावलेली शांतता परत मिळणे दुरापास्त असते. त्यामुळे या दोन हितांचा मेळ नियोजनाच्या पहिल्या टप्प्यावरच घातला गेला पाहिजे.

निष्कर्ष :
कालवा व धरण यांप्रमाणेच दुर्बीण हीदेखील जिल्ह्याची सार्वजनिक संपत्ती आहे. तिचा इतिहास बारामती–इंदापूरच्या महाविद्यालयांतून स्थानिक इतिहास म्हणून शिकवला गेल्यास तिच्या रक्षणाचा विचार केवळ शास्त्रज्ञांपुरता मर्यादित राहणार नाही.