विद्युत मोटारीचा वेगवान चार्जिंग अडॅप्टर

एका पद्धतीच्या डीसी चार्जरचा प्लग दुसऱ्या पद्धतीच्या खोबणीत बसवणारा जोड. त्याची गरज सर्वांत जास्त भासते ती उत्तर अमेरिकेत. तेथे फोर्ड, जनरल मोटर्स, ह्युंदाई यांच्या मोटारींना सीसीएस-१ खोबण असे आणि टेस्लाची खोबण निराळी. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेस्लाने आपली रचना ‘एनएसीएस’ या नावाने सर्वांना खुली केली. मे २०२३ मध्ये फोर्डने ती स्वीकारल्याचे जाहीर केले आणि बाकीचे उत्पादक मागोमाग आले. रस्त्यावरच्या जुन्या मोटारींची खोबण मात्र सीसीएस-१ हीच राहिली; त्यांच्यासाठी अडॅप्टर आला.

असा अडॅप्टर विजेत कोणताही बदल करत नाही. पेटीत तांब्याच्या पट्ट्या आणि संदेशाच्या तारा, एवढेच. किती व्होल्ट, किती अँपिअर हे मोटार आणि चार्जर आपसांत ठरवतात. त्यामुळे निवड दुकानातून नव्हे, तर मोटारीच्या उत्पादकाकडून सुरू होते: आपल्या मॉडेलला टेस्लाच्या केंद्रांवर परवानगी आहे का, आणि कोणता अडॅप्टर मान्य आहे? ती नसेल तर महागातला अडॅप्टरही निरुपयोगी. टेस्लाच्या जुन्या ‘व्ही२’ चार्जरवर तर इतर कंपन्यांच्या मोटारी चार्ज होतच नाहीत.

दिशाही पाहावी लागते. सीसीएस मोटार टेस्लाच्या चार्जरला जोडणारा अडॅप्टर वेगळा, टेस्ला मोटार सीसीएस चार्जरला जोडणारा वेगळा. घरगुती एसी चार्जिंगचा छोटा अडॅप्टर दिसायला तसाच असतो, पण डीसीसाठी तो कधीही वापरू नये.

खरी परीक्षा उष्णतेची. निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जोडात अर्धा मिलिओम रोध असला, तर ४०० अँपिअरला तेथे ८० वॉट उष्णता तयार होते, तीही मुठीएवढ्या जागेत. म्हणून अडॅप्टरवरचे अँपिअर आणि व्होल्ट दोन्ही आकडे वाचावेत. ते आपल्या मोटारीच्या कमाल गरजेपेक्षा कमी नसावेत. मोठा आकडा छापणे सोपे असते; त्यामागे यूएल २२५२ या मानकानुसार स्वतंत्र चाचणी झाली आहे का, हे विचारावे. प्रवाह चालू असताना प्लग ओढून निघणार नाही अशी कुलूपव्यवस्था हवी, कारण तसा निघाल्यास ठिणगीची कमान पेटते. मान्यताप्राप्त मालही निर्दोष असतोच असे नाही: फोर्डने २०२४ मध्ये ग्राहकांना दिलेले काही अडॅप्टर वापरू नका असे सांगून ते बदलून दिले.

अडॅप्टरने वेग वाढत नाही. ८०० व्होल्ट प्रणालीची मोटार ५०० व्होल्टपर्यंतच्या ‘व्ही३’ चार्जरवर आपल्या पूर्ण वेगाने चार्ज होऊ शकत नाही.

जुन्या निसान लीफची गोष्ट निराळी. तिची जपानी चाडेमो पद्धत सीसीएसपेक्षा वेगळ्या संदेशभाषेत बोलते. त्यामुळे तिच्या अडॅप्टरमध्ये दुभाष्याचे काम करणारे इलेक्ट्रॉनिक्स लागते. तो महाग पडतो, त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे लागते आणि प्रत्येक चार्जरशी त्याचे जमेलच असे नाही. लीफ फक्त गावात फिरवणाऱ्याने तो घेऊ नये.

भारतात बहुतेक विद्युत मोटारींना सीसीएस-२ खोबण असते. येथे विकल्या जाणाऱ्या टेस्लालाही तीच आहे. त्यामुळे मुंबई-पुणे मार्गावरच्या सीसीएस-२ चार्जरवर थांबणाऱ्या अशा मोटारीला डीसी अडॅप्टर लागत नाही.